कॉर्नेट आणि त्याचे एकलवादक : एका वाद्याच्या प्रतिष्ठेचा इतिहास

पाश्चात्य सुषिर वाद्यांच्या इतिहासात कॉर्नेटचे स्थान काहीसे चमत्कारिक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकलवादनासाठी त्याच्याइतके लोकप्रिय दुसरे पितळी वाद्य नव्हते. तरीही अभिजात वाद्यवृंदात ट्रम्पेटच्या पंक्तीला त्याला मानाने बसू दिले गेले नाही. वाद्याची प्रतिष्ठा त्याच्या रचनेवरून ठरते की वादकाच्या कर्तृत्वावरून, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात काही निवडक एकलवादकांच्या आधारे केला आहे.

कॉर्नेट १८२० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये आकारास आले. टपालगाडीवर वाजविल्या जाणाऱ्या शिंगाला जर्मनीत नुकतेच शोधले गेलेले व्हॉल्व्ह जोडण्यात आले. व्हॉल्व्हविना अशा शिंगातून मोजके नैसर्गिक स्वरच निघत. व्हॉल्व्ह दाबला की हवेचा मार्ग लांबतो व मधले स्वरही वाजविता येतात. कॉर्नेटची नळी ट्रम्पेटपेक्षा अधिक निमुळती असल्याने त्याचा नाद मृदू असतो. नृत्यगृहांत ते झपाट्याने रुळले, आणि हीच लोकप्रियता त्याच्या आड आली. बर्लिओझ यांनी ‘सिंफनी फँटास्टिक’मध्ये कॉर्नेटची योजना केली खरी, परंतु १८४४ मधील आपल्या वाद्ययोजनेवरील ग्रंथात त्याच्या ग्राम्यतेकडे झुकणाऱ्या नादाविषयी नापसंतीही नोंदविली.

या आक्षेपाला खरे उत्तर दिले ते जाँ-बाप्तिस्त आर्बां (१८२५-१८८९) यांनी. लिआँ येथे जन्मलेले आर्बां पॅरिसच्या संगीत विद्यालयात ट्रम्पेट शिकले, मात्र नाव मिळविले कॉर्नेटवर. १८५७ मध्ये त्यांना लष्करी विद्यार्थ्यांना सॅक्सहॉर्न शिकविण्याचे पद मिळाले; कॉर्नेटचा स्वतंत्र वर्ग सुरू होण्यास १८६९ साल उजाडले. मधल्या काळात, १८६४ मध्ये, त्यांचा अध्यापनग्रंथ प्रसिद्ध झाला होता. स्वरोच्चार, जिभेचे दुहेरी व तिहेरी आघात, अलंकार यांचे त्यातील पाठ आजही गिरविले जातात. गिरविणाऱ्यांत ट्रम्पेटवादकांची संख्या मोठी आहे, ही बाब सूचक म्हणावी लागेल.

अमेरिकेत कॉर्नेटवादकाला आजच्या चित्रपटनटासारखे वलय लाभले. लंडनचे ज्यूल्स लेव्ही (१८३८-१९०३) व मॅथ्यू आर्बकल (१८२८-१८८३) यांच्यातील चुरस वृत्तपत्रांचा विषय झाली. पुढे हर्बर्ट एल. क्लार्क (१८६७-१९४५) यांनी सूझा यांच्या बँडमध्ये एकलवादनाचा मानदंड निर्माण केला. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात उघड्या मैदानावर एकट्याने श्रोत्यांना खिळवून ठेवणे ही सामान्य गोष्ट नव्हे. १९२१ मध्ये एल्डन बेंज या तरुणाने ट्रम्पेटकडे वळण्याविषयी सल्ला विचारला असता क्लार्क यांनी त्याला पत्राने परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. ट्रम्पेटची चलती हे जॅझसारखेच उपटलेले तात्पुरते खूळ आहे, असा त्यांचा समज होता. बेंज यांनी तो सल्ला मानला नाही. ते नामवंत ट्रम्पेटवादक झालेच, शिवाय ट्रम्पेटचे निर्मातेही झाले.

वस्तुतः जॅझचा आरंभही कॉर्नेटवरच झाला होता. न्यू ऑर्लीन्सचे बडी बोल्डन (१८७७-१९३१) कॉर्नेटवादकच होते. १९०७ मध्ये मनोरुग्णालयात दाखल झाल्यावर त्यांचे वादन थांबले. त्यांचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यामुळे त्यांच्या वादनाविषयी जे सांगितले जाते ते ऐकणाऱ्यांच्या आठवणींवरच विसंबून आहे. १९२३ च्या ध्वनिमुद्रणांत मात्र किंग ऑलिव्हर व त्यांच्या साथीला दुसऱ्या कॉर्नेटवर बसलेले तरुण लुई आर्मस्ट्राँग (१९०१-१९७१) ऐकता येतात. याच आर्मस्ट्राँग यांनी काही वर्षांत कॉर्नेट सोडले. शिकागोतील व्हेंडोम थिएटरच्या वाद्यवृंदात शेजारच्या वादकाच्या हाती ट्रम्पेट होते व त्यापुढे आपले आखूड वाद्य शोभत नव्हते, असे कारण त्यांनी सांगितले आहे. कारण किरकोळ, परिणाम मात्र मोठा. कारण पुढची पिढी आर्मस्ट्राँग यांच्या मागोमाग गेली. बिक्स बायडरबेक (१९०३-१९३१) यांच्यासारखे थोडे वादक कॉर्नेटला धरून राहिले.

इंग्लंडच्या गिरणी-कारखान्यांतील बँडमध्ये मात्र कॉर्नेट टिकले. तेथील स्पर्धांच्या प्रचलित वाद्ययोजनेत दहा कॉर्नेट असतात, ट्रम्पेट एकही नसते. फोडेन मोटार कारखान्याच्या बँडचे प्रमुख कॉर्नेटवादक हॅरी मॉर्टिमर (१९०२-१९९२) हे मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदातही वाजवीत. तेथे त्यांच्या हाती ट्रम्पेट असे.