चाकाचा तुंबा आणि थांबण्याची विद्या

बैलगाडीच्या चाकाचे मध्यस्थान म्हणजे तुंबा. सारे आरे त्याच्यात येऊन मिळतात, त्याच्या पोटातून लोखंडी आस जातो आणि त्याला वेळच्या वेळी वंगण मिळाले की त्याची दुसरी काही मागणी नसते. भार सोसणे आणि फिरत राहणे एवढेच त्याचे कर्तव्य. मोटारीच्या चाकातील ज्या भागाला आपण हब म्हणतो, तो या तुंब्याचाच वंशज होय. परंतु चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचविणाऱ्या गाडीत, विशेषतः तिच्या पुढच्या चाकांत, या वंशजावर पूर्वजाच्या कल्पनेतही न आलेली कामे येऊन पडली. त्याने भार सोसावयाचा, वळणावर वळावयाचे, वळलेल्या स्थितीतही शक्ती घ्यावयाची आणि चालकाचा पाय खाली येताच थांबावयाचे. या चौपदरी कर्तव्याची पूर्तता होण्यास विसाव्या शतकाची पहिली ७० वर्षे लागली. आणि त्यांत सर्वांत उशिरा सुटलेला प्रश्न चालण्याचा नव्हता, थांबण्याचा होता.

हॉलंडमधील स्पायकर बंधूंच्या कारखान्यात १९०३ साली ६० अश्वशक्तीची एक गाडी तयार झाली. चारही चाकांना शक्ती देणारी, पेट्रोलवर चालणारी ही पहिली मोटार मानली जाते आणि तिच्या चारही चाकांना ब्रेक होते. कल्पना काळाच्या पुढे होती. तिचा प्रसार मात्र झाला नाही. पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील क्लिंटनव्हिल या लहानशा गावी ऑटो झाको आणि विल्यम बेसरडिच या दोघा यंत्रकारांनी १९०८ साली आपल्या रचनेचे पेटंट मिळविले. त्यांच्या पद्धतीचे मालमोटारींचे ताफे पहिल्या महायुद्धात चिखलाने भरलेल्या रस्त्यांवरून दारूगोळा वाहून नेत होते.

अडचण होती ती पुढच्या चाकाच्या वळण्याची. साधा सांधा वाकवून फिरविला असता शक्ती एकसारखी पोहोचत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते आणि दोनदा घटते. या हिसक्यांनी दातेचक्रे झिजतात व सुकाणू थरथरते. फ्रान्समध्ये १९२६ च्या सुमारास झां-आल्बेर ग्रेग्वार व पिएर फनाय यांचा ‘ट्रॅक्टा’ सांधा पुढे आला आणि लवकरच आल्फ्रेड झेप्पा याने पोलादी गोळ्यांवर फिरणाऱ्या सांध्याची रचना केली. तेव्हा कोठे वळलेल्या चाकालाही समगती मिळू लागली.

थांबविण्याच्या बाबतीतही हीच अडचण होती. पुष्कळ वर्षे मोटारींना ब्रेक असत ते केवळ मागच्या चाकांना, कारण लोखंडी कांब्यांनी ओढावयाचा ब्रेक वळणाऱ्या चाकापर्यंत नेणे कठीण होते. माल्कम लॉकहीड याने कांब्यांच्या जागी द्रवाचा दाब योजिला. लवचिक नळीतून जाणाऱ्या द्रवाला चाक वळले काय अन् सरळ राहिले काय, सारखेच. १९२१ साली अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग गाडीला चारही चाकांवर असे ब्रेक लाभले.

ही दोन्ही साधने एकत्र येऊन जगभर पसरली ती जीपमुळे. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने हलक्या, चारचाकी शक्तीच्या गाडीची मागणी केली. पेनसिल्व्हेनियातील बँटम कंपनीने कार्ल प्रोब्स्टच्या आराखड्यावरून पहिला नमुना २३ सप्टेंबर १९४० रोजी सैन्याच्या स्वाधीन केला. त्यानंतर विलिस आणि फोर्ड या कारखान्यांनी महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. हीच विलिस जीप स्वातंत्र्याच्या आगेमागे महिंद्र कंपनीने भारतात आणिली. मुंबईत माझगाव येथे तिची जोडणी होऊ लागली आणि पाहणीला निघालेल्या अधिकाऱ्यांपासून धरणाच्या अभियंत्यांपर्यंत अनेकांची ती सोबतीण झाली.

युद्धानंतर उरलेल्या जीपगाड्या नागरिकांच्या हाती आल्या, तेव्हा एक नवीच तक्रार उद्भवली. सडकेवर पुढच्या चाकांना शक्तीची गरज नसतानाही त्यांचे आस आणि दातेचक्रे व्यर्थ फिरत, इंधन खात आणि झिजत. सिअ‍ॅटल येथील आर्थर वॉर्न याने १९४८ साली यावर तोड काढली. त्याने हबच्या तोंडाशी एक कुलूप बसविले. ते लावले की चाक आसाशी जोडले जाई. सोडले की चाक मोकळे फिरे आणि आस स्वस्थ राही.

एवढे सारे झाले, तरी त्या जीपच्या चाकांत ब्रेक होते ते ९ इंच व्यासाच्या ड्रमचेच. ड्रमच्या आतील पट्टे बाहेरच्या अंगाला दाबले की चाक अडते. ही रचना स्वस्त असते, आणि फिरता ड्रम पट्ट्याला स्वतःकडे ओढून घेत असल्याने पायाचा जोरही कमी लागतो. परंतु जीपला जेथे जावयाचे, तेथेच ड्रमची परीक्षा होते. नाला ओलांडताना ड्रममध्ये पाणी शिरते व लवकर निघत नाही. चिखलाचीही तीच गत. आणि घाट उतरताना उष्णता साठते. दीड टन वजनाची गाडी ६०० मीटर खाली येते, तेव्हा इंजिनाने व हवेने काही वाटा उचलला नाही, तर २५ लिटर गार पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता ब्रेकमध्येच जन्म घेते. तापलेला ड्रम फुगतो आणि पट्ट्यापासून दूर सरतो. चालक पाय दाबीतच राहतो आणि गाडी उतारावरून पुढे जातच राहते.

यावरचा उपाय फार जुना होता. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथील फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ सालीच डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते: चाकाबरोबर उघड्यावर फिरणारी धातूची तबकडी आणि तिला दोन्ही अंगांनी चिमटणारे पट्टे. पण त्याचे तांब्याचे पट्टे धुळीच्या रस्त्यांवर झपाट्याने झिजत. शिवाय डिस्क पट्ट्याला स्वतःहून ओढून घेत नाही, म्हणून दाबही मोठा लागतो. द्रवाचा दाब, त्याला साहाय्य करणारी यंत्रणा आणि उष्णता सोसणारे पट्टे मिळेपर्यंत त्या कल्पनेला वाट पाहावी लागली. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या चाकांनी तिला पुन्हा जवळ केले. १९५३ साली फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची शर्यत डिस्क ब्रेकच्या जग्वार गाडीने ताशी १७० किलोमीटरच्या सरासरीने जिंकली. वेग राखण्यासाठी आधी तो हमखास आवरता आला पाहिजे, हे तिने सिद्ध केले. १९५५ साली सिट्रोएनच्या ‘डी. एस.’ गाडीत पुढच्या चाकांना डिस्क आल्या. चारही चाकांना शक्ती आणि चारही चाकांना डिस्क हा संगम १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये झाला.

तथापि कारखान्यात संपलेला इतिहास मिस्त्रीच्या हाती पुन्हा सुरू होतो. पुष्कळ जुन्या चारचाकी-शक्तीच्या गाड्यांत डिस्क हबच्या मागच्या अंगाला बोल्टांनी जखडलेली असते. ती झिजून तिच्यावर नोंदविलेल्या किमान जाडीखाली गेली की बदलावीच लागते, आणि ती बदलावयाची म्हणजे सारा इतिहास उलट्या क्रमाने उलगडावा लागतो: आधी चाक, मग चिमटा, मग वॉर्नच्या कल्पनेतील कुलूप, मग आटे-चाकी, मग बेअरिंग आणि शेवटी हब. जोडताना नवे वंगण, नवे सील, आणि दोन्ही अंगांच्या डिस्क एकाच वेळी नव्या. खरी कसोटी आटे-चाकी आवळण्याची. ती फार घट्ट झाली तर बेअरिंग तापून जळते. सैल राहिली तर हब डगमगतो, डिस्क पट्ट्यांना मागे ढकलते आणि ऐन वळणावर पायाखालचा ब्रेक पहिल्या दाबाला पोकळ जातो. म्हणून जाणता मिस्त्री आधी आवळून, मग किंचित सोडून, हब हाताने फिरवून पाहतो आणि गाडी हलविण्यापूर्वी ब्रेक अनेकवार दाबून घेतो.

झाको, लॉकहीड, वॉर्न, लँचेस्टर यांची नावे त्याला ठाऊक असोत वा नसोत, त्यांच्या श्रमाचे फळ घाट उतरणाऱ्या प्रवाशाला मिळते ते त्याच्याच हातून. दुर्गम वाट चढून जाणारी गाडी पाहून आपण तिच्या शक्तीचे कौतुक करतो. तीच वाट उतरून ती सुखरूप घरी येते, याचे श्रेय मात्र त्या चार तुंब्यांचे आणि ते काळजीने जोडणाऱ्या हातांचे असते.