खणाखणानं वाढणारं घर

स्मरणिका समितीने मला सोसायटीच्या इतिहासावर लिहायला सांगितलं होतं. सोसायटीची नोंदणी, प्लॉटचं वाटप, पाण्याची टाकी, रस्त्याचं भांडण हे सगळं सेक्रेटरींच्या लेखात येणारच आहे. म्हणून मी थोडा मागचा, म्हणजे घरांचाच इतिहास लिहितो. आपण सगळे इथे यायच्या आधी ज्या घरांत वाढलो, त्या घरांचा. निमित्त आपल्याच सोसायटीतलं आहे. आपल्या एका सभासदांची नात आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने आपल्या अभ्यासाच्या प्रकल्पांसाठी माझं गाव निवडलं: साखरा, तालुका सेनगाव. टेप घेऊन ती गावातली जुनी घरं मोजत फिरली आणि रोज संध्याकाळी मला प्रश्न विचारून तिने भंडावून सोडलं. त्यातली बरीच उत्तरं मला द्यावी लागली, काही तिने मला दिली.

नव्या पिढीसाठी आधी माळवद म्हणजे काय ते सांगतो. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलचण, त्यावर पाला आणि काड्या, आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंती दगडमातीच्या, दोन-अडीच फूट रुंद. उन्हाळ्यात आत शिरलं की पाणी न मारताही गार वाटायचं. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात आणि घर मोजायचं ते खणांनी. ‘पाच खणांचं घर’ म्हटलं की ऐकणाऱ्याला अंदाज यायचा. लग्न झालं, भाऊ वेगळे झाले, एखाद्या वर्षी कापूस चांगला पिकला की शेजारी एक-दोन खण वाढायचे. एका दमात पुरं झालेलं घर मी गावात क्वचितच पाहिलं.

मिरगाच्या आधी माळवदावर नवी पांढरी माती टाकून ती चोपायची, हे दरसालचं काम. नाही टाकली तर घर गळणार हे नक्की. पण याच कामात पुढच्या संकटाचं बी होतं. जुनी माती काढण्याचा कंटाळा म्हणून थरावर थर चढत गेला आणि छताचं वजन वाढत गेलं.

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीची रात्र संपत आली होती, पहाटेचे चार वाजायला आले होते. किल्लारीचा भूकंप आपल्यापैकी साठी ओलांडलेल्या कुणालाही सांगावा लागणार नाही. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून जवळजवळ आठ हजार माणसं गेली. सरकारी नकाशात तो भाग तेव्हा भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता! त्यानंतर मराठवाडाभर एकच बोलणं सुरू झालं, ‘मातीच्या घरानं माणसं मारली.’ लोक रात्री अंगणात झोपायला लागले. ज्याला जमलं त्याने माळवद उतरवून पत्रे घातले.

ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि ते मला त्या मुलीच्या कागदांवरून नीट कळलं. तिने साखऱ्यातल्या एका पडक्या भिंतीचा आडवा छेद काढला होता. भिंत रुंद दिसते, पण ती खरं तर दोन भिंती असते: बाहेरून एक, आतून एक, मधे मुरूम आणि दगडांची भर. दोन्हींना धरून ठेवणारा आरपार लांब दगड पाहिजे, तो बहुतेक ठिकाणी नसतोच. जमीन हलली की या दोन भिंती एकमेकींपासून सुटतात, वरून टनावारी माती खाली येते. उलट, किल्लारीच्या भागात ज्या घरांचं छत भिंतीवर नसून लाकडी खांबांच्या सांगाड्यावर पक्कं बसलेलं होतं, तिथे भिंती ढासळूनही छत उभं राहिल्याची उदाहरणं तज्ज्ञांनी नोंदवली आहेत. म्हणजे दोष नुसत्या मातीचा नव्हता. वजन, सुटी भिंत आणि सांध्यांचा कच्चेपणा यांचा होता. जागतिक बँकेच्या कर्जातून पुढे जो पुनर्वसनाचा कार्यक्रम झाला, त्यात उभ्या घरांच्या मजबुतीसाठीही हाच उपाय सांगितला गेला: भिंतीत आरपार टाके घाला, सिमेंट-सळईचा पट्टा फिरवा, छतावरची माती कमी करा. या कामात गावोगावच्या बायका ‘संवाद सहाय्यक’ म्हणून नेमल्या होत्या. गावकऱ्यांना समजावणं आणि बांधकामावर लक्ष ठेवणं हे त्यांचं काम.

जी 52 गावं पूर्ण उठवून नव्या जागी वसवली, त्यांचा अनुभव वेगळा आहे. तिथे घराचं क्षेत्रफळ जमिनीवर ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला 400, त्याहून जास्त असेल तर 750. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला असा तक्ता आवडतो, खोटं कशाला सांगू. हिशोबाला सोपा आणि तक्रारीला जागा नाही. पण तक्त्यात खण नसतात. घरं एका ओळीत, रस्ते सरळ आणि रुंद, गाव पसरलं. भावकी आणि शेजार तुटला, जनावरं बांधायची कुठे हा प्रश्न राहिला. आणि मग काय झालं? लोकांनी स्वतःच पुढे पत्रे टाकले, मागे भिंत घातली, कुठे कुठे तर जुन्या पद्धतीचीच दगडमातीची खोली जोडली. दिलेलं घर त्यांनी आपल्या सवयीप्रमाणे वाढवलं. फक्त वाढीव भागाला भूकंपाचा पट्टा नव्हता.

हीच वाढ आधीच धरून घर आखता येतं, हे आपल्या देशात झालेलं आहे. बाळकृष्ण दोशी यांचं नाव काहींनी ऐकलं असेल. 1927 साली पुण्यात जन्म, फर्निचरचं काम करणारं एकत्र कुटुंब, 1947 साली मुंबईच्या जे. जे. मध्ये आर्किटेक्चरचे विद्यार्थी, पुढे पॅरिसला कार्बुझिएकडे. 2018 साली त्यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला, तो मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांनी इंदूरला 1980 च्या दशकात अरण्य नावाची वसाहत आखली. गरिबाला पूर्ण घर न देता त्यांनी लहान प्लॉट, जोतं, संडास-मोरी आणि पाण्याचा नळ एवढं द्यायचं ठरवलं. बाकीचं ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं. कसं वाढवता येईल ते दाखवायला 80 नमुना घरं बांधली. सुमारे साडेसहा हजार घरांच्या त्या वसाहतीला 1995 साली आगाखान पुरस्कार मिळाला. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरियांनीही याच सुमारास चौकाभोवती सात-सात घरं मांडली, आणि एकाची भिंत दुसऱ्याला लागणार नाही असं पाहिलं, म्हणजे शेजाऱ्याची परवानगी न घेता वाढवता यावं. सोसायटीच्या चेअरमनपदाचा अनुभव असलेल्या कुणालाही यातलं शहाणपण लगेच कळेल.

आता मुलीच्या प्रकल्पाकडे येतो. तिचा विषय घरकुल. आधी इंदिरा आवास होतं, 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजना आली. त्यात किमान 25 चौरस मीटरचं घर, सपाट भागात एक लाख वीस हजारांचं अनुदान, टप्प्याटप्प्याने थेट खात्यात. ठेकेदार न नेमता लाभार्थ्याने स्वतः बांधायचं. नियम चांगला आहे. पण साखऱ्यात तिने पाहिलं की गवंडी सांगेल तेच घर होतं, आणि सगळ्यांच्या छतावर सळया उभ्या, ‘पुढं बघू’ म्हणून. तिने त्या ‘पुढं बघू’चाच नकाशा काढला. पहिल्या टप्प्यात एक खोली, मोरी, संडास. पाया, कॉलम आणि पट्टे मात्र पुढच्या दोन खणांचा विचार करून. भिंतीसाठी थोडं सिमेंट घालून दाबलेल्या मातीच्या विटा. आपली काळी माती त्याला चालत नाही, ती फुगते आणि आकसते. मुरूम आणि गावठाणातली पांढरी चालते, पण तीसुद्धा तपासून. छतासाठी तिने वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने रूढ केलेले कुंभाराच्या हातचे शंकूच्या आकाराचे कवेलू सुचवले होते. ते एकात एक बसवून कमान होते, लाकूडही लागत नाही, सळईही लागत नाही. सेवाग्रामची बापू कुटी लहानपणापासून पाहिलेल्या आपल्या पिढीला त्यात नवल वाटणार नाही.

कवेलूच्या छतावर माझं तिचं भांडण झालं. मी विचारलं, ‘हळद कुठं वाळवणार?’ हिंगोली जिल्ह्यात हळद शिजवून वाळवायची असते. शेवया, पापड, तुरी, सोयाबीन, आणि उन्हाळ्यात झोपणं, हे सगळं माळवदावर व्हायचं. पत्र्याने ते सगळं हिरावून घेतलं. शहरातल्या लोकांना वाटतं खेड्यातला माणूस दिखाऊपणासाठी स्लॅबच्या मागे लागतो. माझं मत असं की त्याला गेलेलं माळवद परत पाहिजे असतं. ती मुकाट्याने निघून गेली आणि दोन दिवसांनी गावातल्या सात-आठ बायकांशी बोलून आली. ‘आजोबा, तुमचंच बरोबर निघालं, पण अर्धंच. बायका म्हणतात, झोपायच्या खोलीवर कवेलूच बरं, स्लॅब रात्रभर तापतो.’ नव्या नकाशात मोरी-स्वयंपाकघरावर लहान स्लॅब आहे, त्याला जिना, आणि झोपायच्या खोलीवर कवेलूची कमान. ओळीने चार घरं असतील तर मधे एक सामाईक फरसबंद अंगण, सगळ्यांच्या हळदीसाठी.

बँकेच्या बाजूने एक सांगायला हवं. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा आठचा उतारा आमच्याकडे कर्जाला तारण म्हणून चालत नसे. त्यामुळे खेड्यातला माणूस घर खणाखणानेच वाढवणार, दुसरा मार्गच नव्हता. 2020 साली स्वामित्व योजना सुरू झाली, ड्रोनने गावठाण मोजून मिळकत पत्रिका द्यायला लागले, तेव्हा कुठे हे बदलू लागलंय.

आणि आता आपल्याकडे. 1 मे 1999 ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर लगेच आपली सोसायटी झाली. आपल्यापैकी बहुतेकांनी कर्ज काढून तळमजला बांधला आणि गच्चीवर सळया सोडल्या. अरण्यच म्हणा, फक्त दोशींशिवाय! मुलं मोठी झाली, कुणी वर मजला चढवला, कुणी चढवणार आहे. पण 21 मार्च 2024 च्या सकाळी आपण सगळे रस्त्यावर धावलो होतो. 4.5 आणि पाठोपाठ 3.6 तीव्रतेचे धक्के. नांदेडच्या जिल्हा प्रशासनाने पत्र्यावर ठेवलेले दगड काढून टाका म्हणून आवाहन केलं. 10 जुलैला पुन्हा 4.5 चा धक्का, कळमनुरी तालुक्यातून. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे भागात जमिनीतून आवाज येतात, हे तर वर्षानुवर्षं चाललंय.

पंचवीस वर्षं ऊन-पावसात उभ्या राहिलेल्या सळयांवर गंज चढतो. त्यांना जोड देऊन वर मजला घ्यायचा की नाही, हे गवंड्याला विचारून ठरत नाही. पाया किती खोल आहे आणि कॉलममध्ये काय टाकलंय हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने तपासल्याशिवाय कळत नाही. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा आणि ज्यांना मजला चढवायचा आहे त्यांची तपासणी सोसायटीने एकत्रच करून घ्यावी, अशी माझी सूचना मी लेखी दिली आहे. एकत्र केली तर खर्चही कमी येईल. ज्यांच्याकडे घराचे मूळ नकाशे असतील त्यांनी ते शोधून ठेवावेत.

साखऱ्यात तिच्या नकाशावरून एकाने घरकुलाचं काम सुरू केलं आहे. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा जोतं झालं होतं, पट्ट्याच्या सळया अंगणात येऊन पडल्या होत्या. पुढचा हप्ता यायचा होता. मोकळ्या जोत्यावर त्या घरच्या बाईने तूर वाळत घातली होती.