तळथर-बदल (वनस्पतींच्या मत्स्यालयातील)

गोड्या पाण्याच्या आणि पाणवनस्पती लावलेल्या मत्स्यालयातील जुनी माती, वाळू किंवा खडी काढून नवा थर घालण्याची क्रिया. तळथर मुळांना आधार व अन्नद्रव्ये पुरवतो. शिवाय माशांच्या विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जीवाणू त्याच्या दाण्यांवर वाढतात. म्हणून थर काढताना हे जीवाणू आणि वनस्पतींची मुळे जगवणे सर्वांत महत्त्वाचे ठरते.

कारणे : भाजलेल्या मातीच्या दाण्यांचे ‘ॲक्वासॉइल’ जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांच्या निसर्गशैलीच्या मत्स्यालयांबरोबर जगभर पोहोचले. हे दाणे पाण्याचा सामू आणि कार्बोनेट कठिणपणा उतरवतात. एक-दोन वर्षांत मात्र त्यांतील अन्नद्रव्ये ओसरतात व दाण्यांचा चुरा होऊ लागतो. बोअरच्या जड पाण्यात सामू उतरवण्याची त्यांची क्षमता आणखी लवकर संपते. बारीक वाळूचा जाड थर घट्ट बसला की आत प्राणवायू पोहोचत नाही. काचेतून काळे पट्टे दिसतात आणि थर ढवळताच सडक्या अंड्यासारखा हायड्रोजन सल्फाइडचा वास येतो. शंखशिंपल्यांचे तुकडे असलेली वाळू पाण्याचा कठिणपणा वाढवत राहते. अशा वाळूवर व्हिनेगर टाकल्यास फेस येतो. खरेदीपूर्वी ही चाचणी जरूर करावी.

पूर्ण बदल : मासे टाकीतल्याच पाण्याने भरलेल्या टबात हलवून एअर पंप लावतात. फिल्टर त्याच टबावर चालू ठेवतात, कारण थर गेल्यावर जीवाणूंचा मुख्य साठा त्यातच उरतो. फिल्टरचा स्पंज क्लोरीनयुक्त नळाच्या पाण्याने धुऊ नये. रोपे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळतात. मग पाणी काढून जुना थर थोडाथोडा उपसतात. थरासकट काचेची टाकी उचलल्यास सांधे उलण्याचा धोका असतो. नवा थर पुढे ३–४ सेंमी. आणि मागे ६–८ सेंमी. ठेवतात. ६० × ३० सेंमी. तळाच्या टाकीत सरासरी ६ सेंमी. थरासाठी सुमारे ११ लिटर माल लागतो. अँटीक्लोरीन घातलेले पाणी थरावर ठेवलेल्या ताटलीवर हळू सोडल्यास गढूळपणा कमी होतो.

टप्प्याटप्प्याने बदल : मासे न हलवता, पाणी बदलताना रुंद सायफन नळीने तळाचा एक भाग ओढून घेतात व तेथे नवा थर घालतात. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पुढचा भाग घेतल्यास जीवाणूंना नव्या दाण्यांवर पसरायला अवधी मिळतो. साध्या वाळू-खडीसाठी ही पद्धत सोयीची असते.

नंतरची काळजी : नव्या ॲक्वासॉइलमधून पहिले काही आठवडे अमोनिया सुटतो. २५° से. तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी, मुक्त रूपात असतो. सामू ८ झाला की हेच प्रमाण सुमारे ५ टक्के होते. त्यामुळे चाचणी संचाने अमोनिया व नायट्राइट शून्य दिसेपर्यंत मासे वेगळेच ठेवावेत आणि वरचेवर पाणी बदलावे.

वनस्पती : क्रिप्टोकोरिन हलवल्यावर तिची पाने अनेकदा विरघळून जातात. पश्चिम घाटातील ओढ्यांत आढळणारी क्रिप्टोकोरिन स्पायरॅलिस याच प्रजातीतील. अशा वेळी कंद-मुळे उपटून टाकू नयेत. त्यांतून नवी पाने फुटतात. अनुबियास आणि जावा फर्न यांचे आडवे खोड थरात पुरल्यास कुजते. ती लाकडाला किंवा दगडाला बांधावीत.

पर्याय : केवळ अन्नद्रव्ये कमी पडली असतील तर मुळांजवळ खताच्या गोळ्या खोचणे पुरते. एखादे रोप अलगद उपसून पाहावे : मुळे पांढरी व टणक असतील आणि नवी पाने निकोप येत असतील, तर थर कितीही जुना असला तरी तो बदलण्याची गरज नसते.