सदरा कुणाचा, किल्ली कुणाची

आपल्याकडे शाळेत ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हटलं की अक्षरं जुळवताना, आकडे मांडताना अडखळणारं मूल डोळ्यांसमोर येतं. ब्रिटनमध्ये हाच शब्द वेगळ्या माणसांसाठी वापरतात. कालपरवापर्यंत आपण ज्यांना मतिमंद म्हणत होतो आणि आता बौद्धिक अक्षमता असलेले म्हणतो, ती ही माणसं. हा खुलासा आधी केलेला बरा, कारण ‘सपोर्टेड लिव्हिंग’ची कुळकथा त्यांच्याच घरातली आहे.

सपोर्टेड लिव्हिंग म्हणजे घर त्या माणसाच्या स्वतःच्या नावावर, बहुधा भाड्याचं, आणि मदत लागेल तेवढी, लागेल तेव्हा त्या घरी येणारी. यात नवल ते काय, असं वाटेल. पण इतकी साधी गोष्ट सुचायला बरीच वर्षं गेली, आणि तिची सुरुवात घरापासून नव्हे, हॉस्पिटलपासून झाली.

१९५८ साली लंडनच्या फाउंटन हॉस्पिटलमधली १६ मुलं सरे परगण्यातल्या रायगेट इथं, ब्रुकलंड्स नावाच्या घरात राहायला नेली. खटाटोप जॅक टिझार्ड या मानसशास्त्रज्ञाचा. माणूस मूळचा न्यूझीलंडचा. तुलनेसाठी तशीच १६ मुलं हॉस्पिटलातच राहिली. ब्रुकलंड्समध्ये जादूचं औषध नव्हतं. चांगल्या बालवाडीत मुलांना वाढवतात ती रीत होती : लहान गट, भरपूर खेळ आणि रोज तीच ओळखीची माणसं. दोन वर्षांनी भाषेची वाढ मोजली, तेव्हा हॉस्पिटलातली मुलं ६ महिन्यांनी पुढे सरकलेली आढळली, ब्रुकलंड्सची १४ महिन्यांनी. यांना काही येणार नाही, असं ज्यांच्याबद्दल धरून चाललं होतं ती ही मुलं.

तरीही साठच्या दशकात इंग्लंड-वेल्समधल्या हॉस्पिटलांतून अशी सुमारे ६० हजार माणसं राहत होती, आणि राहत होती म्हणजे बहुतेक जन्मभर. १९६७ मध्ये कार्डिफच्या ईली हॉस्पिटलमधल्या एका कर्मचाऱ्यानं ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या वर्तमानपत्राला आतला मारहाणीचा आणि चोऱ्यांचा प्रकार सांगितला. चौकशी जेफ्री हाउ या बॅरिस्टरकडे गेली. पुढे थॅचरबाईंचे अर्थमंत्री झाले ते हेच. १९६९ मध्ये अहवाल आला. १९७१ मध्ये सरकारनं खाटा निम्म्यावर आणायचं धोरण जाहीर केलं.

याच १९७१ मध्ये एक पुस्तक आलं, आणि मला या कुळकथेचा मूळपुरुष तेच वाटतं. रॉय किंग, नॉर्मा रेन्स आणि टिझार्ड या तिघांनी मुलांच्या हॉस्पिटलांची आणि वसतिगृहांची तपासणी केली होती. काळजी चांगली की वाईट हे ठरवायचं कसं? खाटांमधलं अंतर, परिचारिकांची संख्या, भिंतींचा रंग हे सगळं आधीपासून मोजलं जातच होतं. यांनी घरातले प्रश्न विचारले. रविवारीही मुलं रोजच्याच वेळी उठतात का? आंघोळीसाठी रांगेत उभं राहावं लागतं का? अंगातला सदरा मुलाचा स्वतःचा, की गठ्ठ्यातून आला तो? वाढदिवस त्याचा एकट्याचा होतो का? सांभाळणारी माणसं मुलांबरोबर जेवायला बसतात का?

शेवटचा प्रश्न मला फार नेमका वाटतो. कोण कुणाच्या पंगतीला बसतं यावरून घराची पारख करायची, हे आपल्याला काय शिकवायचं!

उत्तरं मोजल्यावर जे निघालं ते अनेकांना अडचणीचं होतं. मुलांचं अपंगत्व किती तीव्र, इमारत किती मोठी, माणसामागे कर्मचारी किती, यांपैकी कशानंच दोन संस्थांमधला फरक नीट उलगडत नव्हता. तो उलगडत होता प्रमुख व्यक्तीवरून. तिचं शिक्षण रुग्णसेवेचं की बालसंगोपनाचं, तिला स्वतः निर्णय घ्यायची मोकळीक आहे का, आणि ती स्वतः मुलांमध्ये वावरते की कार्यालयात बसते, यावर सगळं अवलंबून होतं.

स्वीडनमध्ये बेंग्ट निर्ये यानं १९६९ मध्ये जवळपास या घरगुती प्रश्नांमागचीच गोष्ट तत्त्व म्हणून मांडली होती : या माणसांनाही दिवसाची, आठवड्याची, वर्षाची सर्वसाधारण लय मिळाली पाहिजे. रात्रपाळीला माणूस कमी म्हणून मोठ्या माणसाला धाकट्या भावंडांच्या आधी झोपवायचं नाही. ब्रिटनमध्ये १९८० साली किंग्ज फंडानं ‘ऑर्डिनरी लाइफ’ अशा सरळ नावाची पुस्तिका काढली आणि वस्तीतल्या साध्या घरांची कल्पना रुजली.

पण घरात जायचं ते पायरीपायरीनं. आधी हॉस्पिटल, मग होस्टेल, मग सामूहिक घर, आणि सगळं यायला लागलं की शेवटी स्वतःचं बिऱ्हाड. पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, अशातला प्रकार. स्वयंपाक येत नाही म्हणून स्वयंपाकघर नाही आणि स्वयंपाकघर नाही म्हणून स्वयंपाक येत नाही. सिराक्यूज विद्यापीठातल्या स्टीव्हन टेलर यानं १९८८ मध्ये या जिन्याची चांगलीच झडती घेतली. मदत जास्त लागते म्हणून माणसाला बंदिस्त जागी का ठेवायचं? घर आणि मदत या दोन गोष्टी एकमेकींना बांधल्या कुणी? अमेरिकेत काही संस्था त्या सोडवून दाखवत होत्याच. १९९३ मध्ये पीटर किन्सेला यानं ही मांडणी ब्रिटनमध्ये आणली.

आपल्याकडे भाडेकरू हा शब्द फारशा प्रेमानं उच्चारला जात नाही. या कुळकथेत मात्र ती बढती आहे. ‘रहिवासी’ असताना मदत करणाऱ्या संस्थेशी पटलं नाही तर छप्परही जायचं. भाडेकरार स्वतःच्या नावावर असला की संस्था बदलता येते, घर राहतं.

किल्ली मिळाल्यावर दिवस कसा जातो, हा प्रश्न उरलाच. त्याचं उत्तर शोधलं जिम मॅन्सेल आणि डेव्हिड फेल्स यांनी. हॅम्पशरमधल्या अँडोव्हर गावी, ऐंशीच्या दशकात, तीव्र अक्षमता असलेल्या माणसांसाठी साधी घरं चालवून त्यांनी घड्याळ लावलं : माणूस दिवसातला किती वेळ काहीतरी करत असतो? पुढे अशा अनेक अभ्यासांची बेरीज झाली. हॉस्पिटलात हा वेळ सरासरी १४ टक्के, वस्तीतल्या घरांत ४८. पण घराघरांतली तफावत ८ पासून ७४ टक्क्यांपर्यंत. म्हणजे पडदे, सोफा, बाग सगळं असूनही काही घरं हॉस्पिटलपेक्षा रिकामी होती. कर्मचारी चहा करणार, कपडे घडी करणार आणि घरधनी खुर्चीत बसून बघणार. या रीतीला ‘हॉटेल मॉडेल’ असं नाव पडलं.

त्यावरचा उतारा म्हणजे ‘अ‍ॅक्टिव्ह सपोर्ट’. चहा करता येत नाही? मग कपात दूध तरी त्यानं ओतावं. आधी नुसतं विचारायचं. नाही जमलं तर सांगायचं, मग खूण करायची, मग करून दाखवायचं, आणि शेवटी हातावर हात ठेवून करून घ्यायचं. थोडंथोडं, पण दिवसभर. मॅन्सेल ज्या केंद्रात हे शिकवत, ते केंट विद्यापीठातलं केंद्र टिझार्डच्याच नावानं आहे.

स्वतःच्या घराच्या या कल्पनेत पळवाटाही निघाल्या. इंग्लंडमध्ये केअर होमची, म्हणजे राहणं आणि मदत एकाच संस्थेकडून मिळते अशा जागेची, इमारत आणि सेवा दोन्ही तपासली जातात. सपोर्टेड लिव्हिंगमध्ये फक्त सेवा, कारण घर खाजगी. मग काही ठिकाणी जुन्याच केअर होमची पाटी बदलली, जुन्याच माणसांच्या हाती भाडेकरार ठेवले. खोल्या त्याच, कर्मचारी तेच, जेवायची वेळही तीच. ही चलाखी पकडायला ‘रीच’ नावाची कसोटी उपयोगी पडते. तिच्यातली विधानं सगळी ‘मी’च्या तोंडची. कुठं राहायचं ते मी ठरवतो, कुणाबरोबर राहायचं ते मी ठरवतो, मला मदत कोण करणार तेही मीच ठरवतो. तपासायला अनेकदा अशीच अक्षमता असलेली माणसं जातात. कागद त्यांना दाखवले जातातच, पण ती विचारतात दुसरंच : हा तुझ्याबरोबर राहतो, तो तुला आवडतो का? समोरच्या दाराची किल्ली कुणाच्या खिशात असते?

सरकारी तपासनिसालाही आता थेट आत शिरता येत नाही. भाडेकरूनं परवानगी दिली तरच. तो बेल वाजवतो आणि पायरीवर उभा राहतो. दार उघडायला कधी घरधनी येतो, कधी कर्मचारी.