खेळाचा पाया : ग्राफिक्स फ्रेमवर्कची निवड

डेस्कटॉप संगणकासाठी खेळ तयार करताना पहिला महत्त्वाचा निर्णय असतो तो ग्राफिक्स फ्रेमवर्कचा. पडद्यावर चित्र उमटवणे, ध्वनी ऐकवणे, कीबोर्ड व माउसच्या हालचाली टिपणे, या कामांसाठीच्या तयार प्रोग्रॅम्सचा संच म्हणजे फ्रेमवर्क. खेळाची सारी इमारत याच पायावर उभी राहत असल्याने तो मध्येच बदलणे जिकिरीचे ठरते.

फ्रेमवर्कच्या खाली ग्राफिक्स कार्डाशी संवाद साधणारा आणखी एक थर असतो. मायक्रोसॉफ्टचे डायरेक्टथ्रीडी मुख्यतः विंडोजसाठी, तर २०१४ साली आलेले मेटल केवळ अ‍ॅपलच्या यंत्रांसाठी आहे. १९९२ पासूनचे ओपनजीएल अनेक प्रणालींवर चालते. मात्र अ‍ॅपलने २०१८ मध्ये ते कालबाह्य ठरवले. २०१६ सालचे व्हल्कन वेगवान असले, तरी नवख्यांसाठी बरेच किचकट आहे. हे सारे भेद झाकणे, हेच चांगल्या फ्रेमवर्कचे काम.

निवड करताना सोयीइतकेच दीर्घायुष्यही पाहावे लागते. मायक्रोसॉफ्टने २००६ साली आणलेले एक्सएनए हौशी प्रोग्रॅमर्समध्ये लोकप्रिय झाले; पण २०१३ मध्ये त्याचा पुढील विकास थांबल्याचे स्पष्ट झाले. एरिक बरोन हे अमेरिकी प्रोग्रॅमर तेव्हा एकट्याने ‘स्टारड्यू व्हॅली’ हा खेळ एक्सएनएवरच घडवत होते. २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. एक्सएनएच्याच धर्तीवर बांधलेले मोनोगेम हे मुक्त स्रोत फ्रेमवर्क उपलब्ध असल्याने २०२१ मध्ये हा खेळ त्यावर नेता आला. मूळ कंपनीने हात काढून घेतला, तरी वर्षानुवर्षांची मेहनत वाया गेली नाही.

भाषेनुसार पर्याय ठरतात. सी किंवा सी प्लस प्लस जाणणाऱ्यांसाठी १९९८ पासूनचे एसडीएल, सी शार्पसाठी मोनोगेम, जावासाठी लिबजीडीएक्स, तर पायथन शिकणाऱ्यांसाठी एसडीएलवरच आधारलेले पायगेम सोयीचे. हे सर्व मुक्त स्रोत आहेत. मोठ्या त्रिमितीय खेळासाठी मात्र गोडो, युनिटी यांसारखे संपूर्ण इंजिन अधिक उपयुक्त ठरते.

अंतिम निर्णयापूर्वी एक छोटा नमुना करून पाहणे हिताचे. एक चित्र हलवावे, एक ध्वनी वाजवावा आणि तोच प्रोग्रॅम विंडोज व लिनक्स अशा दोन्ही प्रणालींवर चालवावा. चार दिवसांची ही परीक्षा पुढील चार वर्षांचा मनस्ताप वाचवू शकते.