प्रेअरीवरील लोहार : जॉन डिअर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या कष्टाळू व कुटुंबवत्सल पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी सूचना विश्वस्त मंडळाकडून आली. समाजातील वंदनीय पूर्वजांवर इतर बंधू-भगिनी अधिकाराने लिहितील, हे जाणून मी जरा दूरचा माणूस निवडला आहे. अर्थात तो वाटतो तितका दूरचा नाही. उसाच्या हंगामात आपल्या रस्त्यांवरून जे हिरवे-पिवळे ट्रॅक्टर धावतात, त्यांतील कित्येकांवर उडी घेणारे हरीण रंगवलेले असते. ते ट्रॅक्टर पुण्याजवळ सणसवाडी येथे तयार होतात. इंग्रजीत हरणाला जो शब्द आहे त्याच उच्चाराचे एका लोहाराचे आडनाव होते, म्हणून १८७६ साली त्याच्या पेढीने हरणाचे चिन्ह घेतले. त्या लोहाराचे नाव जॉन डिअर.

त्याचा जन्म ७ फेब्रुवारी १८०४ रोजी अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट प्रांतात रटलंड या गावी झाला. वडील शिंपीकाम करीत. १८०८ साली ते जहाजाने इंग्लंडला निघाले आणि त्यानंतर त्यांची कोणतीही वार्ता आली नाही. जॉन तेव्हा चार वर्षांचा होता. आईने शिवणकाम करून मुले वाढवली. सतराव्या वर्षी, १८२१ मध्ये, जॉन मिडलबरी गावातील एका नावाजलेल्या लोहाराकडे उमेदवार म्हणून राहिला आणि चार वर्षे भाता, ऐरण व घण यांच्या संगतीत काढून स्वतंत्र कारागीर झाला. १८२७ साली डेमेरियस लॅम या मुलीशी त्याचा विवाह झाला.

पुढची दहा वर्षे मात्र अपयशाची गेली. कर्ज काढून उभारलेले दुकान आगीत भस्मसात झाले. पुन्हा उभारले, तेही जळाले. व्हरमाँटमध्ये त्या काळी व्यापाराला मंदी होती आणि सावकाराचे देणे फिटेना. कर्ज थकले तर तुरुंगात धाडण्याचा कायदा तेव्हा तेथे चालू होता. १८३६ च्या अखेरीस बत्तीस वर्षांचा हा माणूस पत्नीला व चार मुलांना मागे ठेवून, थोडी हत्यारे घेऊन पश्चिमेकडे निघाला. पत्नी त्या वेळी गरोदर होती. त्याच्या चरित्रातील हे पान गौरवग्रंथांत बहुधा घाईने उलटले जाते. मला ते उलटता येत नाही. देणे बुडवून गाव सोडणाऱ्याविषयी आपल्या पेठेत काय बोलले जाते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तसे व्हरमाँटमध्येही बोलले गेले असेल. पण बाप जसा गेला तो परतलाच नाही, तसा हा मुलगा गेला नाही. १८३८ मध्ये डेमेरियस पाच मुलांसह त्याच्याकडे येऊन पोहोचली. प्रवासात सर्वांत लहान चार्ल्स सव्वा वर्षाच्या आसपास होता, आणि पित्याने त्याला तोवर पाहिलेही नव्हते. गाडीतून उतरताच तिने मूल नवऱ्याच्या हाती दिले व व्हरमाँटपासून मी वाहून आणले, आता थोडा वेळ तुम्ही घ्या, अशा अर्थाचे काही म्हटले, अशी आठवण सांगितली जाते.

ते गाव म्हणजे इलिनॉय प्रांतातील रॉक नदीकाठचे ग्रँड डिटूर. प्रेअरी म्हणजे क्षितिजापर्यंत पसरलेले गवताचे मैदान. झाडे फक्त ओढ्या-नद्यांच्या काठाने. गवत माणसाच्या डोक्याइतके वाढे आणि त्याची मुळे कित्येक फूट खोल जात. शतकानुशतके ते गवत कुजून काळीभोर, कसदार आणि कमालीची चिकट माती तयार झाली होती. पूर्वेकडून आलेले शेतकरी ओतीव लोखंडाचे नांगर घेऊन आले होते. तिकडच्या वाळूमिश्रित जमिनीत ते चालत. येथे चार पावले गेले की फाळाला चिखलाचा गोळा चिकटे, नांगर थांबवून खरवडावा लागे, पुन्हा चार पावले. कृष्णाकाठच्या काळ्या रानात पावसानंतर जो चालला आहे, त्याला याहून अधिक सांगण्याची गरज नाही. कित्येकजण कंटाळून परत फिरण्याच्या बेतात होते.

जॉनच्या हाताला मात्र पहिल्या दिवसापासून काम होते, कारण आसपास दुसरा लोहारच नव्हता. १८३७ साली त्याला आरागिरणीत पोलादी करवतीचे एक मोडके पाते दिसले. त्याने ते मागून आणले, दाते छाटले, तापवून वाकवले आणि त्यापासून नांगराचा फाळ व माती उलथवणारी बाजूची वक्र फळी तयार केली. पोलाद घासून आरशासारखे गुळगुळीत केले होते. माती त्यावर चिकटण्याऐवजी घसरून बाजूला पडू लागली. नांगर चालताचालताच स्वच्छ होई.

ही युक्ती त्याला कशी सुचली याविषयी एक गोष्ट प्रचलित आहे. लहानपणी घरच्या शिवणकामाच्या सुया तो वाळूत घासून चकचकीत करीत असे, म्हणजे त्या जाड कापडातून सहज पार होत. पोलाद गुळगुळीत असेल तर वाट सापडते, हे त्याला तेथेच उमगले. गोष्टीत हे दुकान वडिलांचे सांगतात. चार वर्षांच्या पोराने वडिलांच्या दुकानात सुया घासल्या असतील असे मला वाटत नाही. गोष्ट खरी असेल तर त्या सुया आईच्या असणार, आणि श्रेयही त्या माउलीचे. कापडाच्या धंद्यात आयुष्य गेल्यामुळे एवढे मी खात्रीने सांगू शकतो की, गंज चढलेली सुई मलमलीतून सरळ जात नाही, धागा ओढते आणि ठाण खराब करते.

पोलादी नांगर करणारा तो पहिलाच होता, असे म्हणणे बरोबर होणार नाही. इलिनॉयमध्येच जॉन लेन नावाच्या लोहाराने १८३३ साली करवतीच्या पोलादाचा नांगर केला होता. फरक पडला तो पुढे. जॉन डिअर मागणी येण्याची वाट न पाहता नांगर तयार करून शेतकऱ्यांकडे नेऊ लागला. १८३९ साली दहा, १८४० साली चाळीस, १८४२ पर्यंत शंभर, असे आकडे वाढत गेले. पोलाद मिळेना तेव्हा त्याने ते थेट इंग्लंडहून मागवले. आज घडवलेला नांगर उद्या त्याला अपुरा वाटे. तो सतत काही ना काही बदलत राही. भागीदार वैतागले. लोक आपण देऊ तेच घेतील, असे त्यांचे म्हणणे. त्याचे उत्तर असे की, लोकांनी तेच घ्यावे असे बंधन त्यांच्यावर नाही. आपण सुधारणा केली नाही तर दुसरा करील आणि आपला धंदा जाईल. ज्या मालात आपले सर्वोत्तम नाही त्यावर आपले नाव घालणार नाही, हा त्याचा बाणा पुढे पेढीचे ब्रीदच झाला.

१८४८ साली भागीदारी मोडून तो मिसिसिपी नदीकाठी मोलीन येथे आला. तेथे पाण्याची शक्ती होती, वाहतुकीला नदी होती. त्याच वर्षी थोरला मुलगा फ्रान्सिस विशीच्या उंबरठ्यावर वारला. कारखाना वाढत गेला. १८५७ मध्ये वर्षाला दहा हजारांहून अधिक नांगर बाहेर पडत होते. आणि त्याच वर्षी अमेरिकेत मोठी मंदी आली, बँका बुडाल्या, शेतकऱ्यांकडची उधारी वसूल होईना. वीस वर्षांपूर्वीचे संकट पुन्हा दारात उभे राहिले.

या वेळी त्याने जे केले ते मला नांगराच्या शोधाइतकेच मोलाचे वाटते. त्याने कारभार चार्ल्सच्या हाती दिला, ज्याला आईने व्हरमाँटहून कडेवर आणले होते त्याच मुलाच्या. चार्ल्स एकवीस वर्षांचा होता आणि शिकागोच्या वाणिज्य विद्यालयात हिशेब शिकून आला होता. बाप चोपन्न वर्षांचा, हातापायांनी धडधाकट. गल्ल्याच्या किल्ल्या सत्तरीतही कमरेला ठेवणारे आपल्यात किती आहेत, हे मी मोजत बसत नाही. जॉनने अध्यक्षपद नावाला ठेवले, वहीखाते सोडले आणि तो भट्टीकडे व शेतीकडे वळला. जावईही धंद्यात आले. पेढी तरली. १८६८ मध्ये तिची रीतसर कंपनी झाली. चार्ल्सने १९०७ पर्यंत ती चालवली आणि त्यानंतरही जावई, पणतू अशा नात्याच्या माणसांकडे ती १९८२ पर्यंत राहिली.

डेमेरियसला नऊ अपत्ये झाली. ती १८६५ साली गेली. पुढे जॉनने तिच्याच बहिणीशी विवाह केला. १८७३ मध्ये तो मोलीनचा नगराध्यक्ष झाला व दोन वर्षे त्या पदावर होता. उघड्या गटारांच्या जागी बंदिस्त नळ टाकणे हे त्याने केलेले काम मोलीनकरांना भाषणांपेक्षा अधिक काळ उपयोगी पडले असावे.

आता एक शंका, जी या स्मरणिकेच्या वाचकांच्या मनात येईलच. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत भूमी फोडण्याचे कर्म आहे. दुसरीकडे भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य व शिल्प ही सहा कर्मे लोकांना शिकवली, असे आपण मानतो. आणि दक्षिण महाराष्ट्रातील आपला समाज तर पिढ्यान्‌पिढ्या नांगरधारी आहे. त्या नांगरांपुढे इलिनॉयची प्रेअरी टिकली नाही. दोन कोटी एकरांहून अधिक गवताळ भूमीपैकी आज हजारात एक भागही मूळ रूपात उरलेला नाही. त्यावर जगणारे असंख्य जीव गेले. माणसेही गेली होती: रॉक नदीकाठची ती जमीन सॉक व मेस्क्वाकी लोकांची होती आणि १८३२ च्या युद्धानंतर त्यांना मिसिसिपीपलीकडे हुसकावले गेले. जॉन तेथे पोहोचला त्याच्या अवघी चार वर्षे आधी. या हानीचा हिशेब एका लोहाराच्या नावे लिहिणे न्यायाचे नव्हे, परंतु त्याच्या नावे जमा लिहिताना ही बाजू कोरी सोडणेही मला योग्य वाटत नाही.

आपल्याकडेही लोखंडी नांगर सहजासहजी आला नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात तो तयार केला तेव्हा लोखंडाने जमिनीला विष होते या समजुतीने शेतकरी हात लावीनात. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. नवल असे की, अमेरिकेत ओतीव लोखंडाचा नांगर प्रथम आला तेव्हा, म्हणजे शंभर वर्षे आधी, तेथील शेतकऱ्यांनीही अगदी हाच आक्षेप घेतला होता. माती सर्वत्र वेगळी, शेतकरी सारखाच!

१७ मे १८८६ रोजी मोलीन येथील राहत्या घरी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी जॉन डिअर निवर्तला. ग्रँड डिटूरचे त्याचे पहिले दुकान केव्हाच नाहीसे झाले होते. १९६२ साली इलिनॉय विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी तेथे उत्खनन केले आणि मातीखाली त्या लोहारशाळेची जागा सापडली. भट्टी कोठे होती, ऐरण कोठे होती, ते आता तेथे छपराखाली जतन केले आहे, आणि शेजारच्या पडवीत एखादा लोहार भाता पेटवून पाहुण्यांसमोर लोखंड ठोकतो.