निवासमंडपाची छाया आणि खरी उपासना

निर्गमाच्या पुस्तकातले तेरा अध्याय (२५ ते ३१ आणि ३५ ते ४०) प्रामुख्याने एका तंबूच्या, म्हणजे निवासमंडपाच्या, बांधणीला दिलेले आहेत. बाभळीच्या ४८ फळ्या, त्यांच्याखाली चांदीच्या उथळ्या, फळ्यांना एकत्र धरणारे अडसर, २८ हात लांब आणि ४ हात रुंद असे १० पडदे, एक किक्कार (वजनाचे माप) शुद्ध सोन्याचा घडीव दीपवृक्ष. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये हात काळे केलेल्या माणसाला हे अध्याय ड्रॉइंगसारखे वाचता येतात. शेवटी कामाची तपासणीही आहे: ३९व्या अध्यायात मोशे सगळे काम पाहून घेतो आणि मगच कारागिरांना आशीर्वाद देतो. त्यांचा प्रमुख बसालेल. देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरले, असे ३१वा अध्याय सांगतो. नाव घेऊन असे ज्याच्याविषयी प्रथम म्हटले, तो धातू आणि लाकूड घडवणारा माणूस होता, ही गोष्ट आपल्या प्रवचनांत फार कमी ऐकू येते.

ख्रिस्ती परंपरा या मंडपाकडे इब्री लोकांस पत्राच्या नजरेने पाहते. मंडपाची रचना पायरीपायरीने आत नेणारी आहे. अंगणात पितळी वेदी आणि गंगाळ, पवित्रस्थानात दीपवृक्ष, समर्पित भाकरी आणि धूपवेदी, मग अंतरपट, त्यामागे परमपवित्रस्थानात कराराचा कोश. तिथे फक्त प्रमुख याजक जाई, तोही वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताचे रक्त घेऊन. पत्रलेखकाचा युक्तिवाद या ‘दरवर्षी’वर उभा आहे. जे अर्पण पुन्हापुन्हा करावे लागते, त्याने सद्सद्विवेकबुद्धी कायमची शुद्ध झालेली नसते. म्हणून तो मंडपाला येणाऱ्या गोष्टींची छाया म्हणतो. ख्रिस्त हाच याजक आणि तोच यज्ञ, आणि त्याचे शरीर हा अंतरपट, असे सांगतो. देवाजवळ जाण्याची वाट सर्वांना एकदाच आणि कायमची मोकळी झाली, हा ख्रिस्ती विश्वासाचा गाभा आहे.

याच लेखकाचा संयम मात्र पुढच्या भाष्यकारांना पेलला नाही. नवव्या अध्यायात तो उपकरणांची यादी देतो आणि पाचव्या वचनात थांबतो. एकेका वस्तूविषयी आत्ता बोलता येत नाही, असे म्हणतो. नंतरच्या काळात प्रत्येक रंगाला, कडीला आणि खुंटीला गूढ अर्थ चिकटवले गेले. असा अर्थ तपासण्याची कसोटी नसते, त्यामुळे सांगणाऱ्याच्या मनात असेल ते कडीतून निघते. आधी अक्षरार्थ, मग शास्त्रातच सांगितलेला संबंध, आणि तिथे थांबणे, हीच पद्धत मला योग्य वाटते. पंडिता रमाबाईंनी केडगावला बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला, त्यामागे अक्षरार्थाविषयीची हीच निष्ठा होती.

याहून मोठी चूक वेगळी आहे. ‘यहुद्यांचे सगळे बाह्य, आमचे सगळे आंतरिक’ अशी वाटणी अनेक ख्रिस्ती उपदेशक सहज करतात. ती खोटी आहे. बलिदानापेक्षा दया हवी, हे होशेय संदेष्ट्याने यहुदी शास्त्रातच सांगितले. येशूने तेच वचन मत्तयाच्या शुभवर्तमानात दोनदा वापरले. आणि इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडल्यावर रब्बी योहानान बेन झक्काई यांनी, प्रायश्चित्ताचा मार्ग संपला म्हणून रडणाऱ्या शिष्याला, दयेची कृत्ये हेच आता प्रायश्चित्त, हे याच वचनाच्या आधारे समजावले. दोन्ही परंपरा होशेयाकडेच वळल्या. पुण्याच्या लाल देवळात किंवा रास्ता पेठेतल्या सुक्कथ शेलोमोत, या यहुदी सभास्थानांत, आजही जी उपासना होते, तिला ‘उरलेली छाया’ म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. जगभरच्या काही ख्रिस्ती मंडळ्यांत हल्ली शोफार (मेंढ्याचे शिंग) फुंकतात, मेनोरा (दीपवृक्ष) मांडतात. ज्यांची ती चिन्हे आहेत त्यांच्याविषयी आदर नसेल, तर ती केवळ सजावट ठरते.

मनापासूनची उपासना ओळखायची कशी? आमोस आणि यशया या संदेष्ट्यांचे उत्तर एकच आहे: सणाच्या दिवशी काय अर्पण केले, यापेक्षा बाकीच्या दिवशी दुबळ्याशी कसे वागलात ते पाहा. इंद्रायणीकाठी, देहूत, तुकोबांनी दांभिक कर्मकांडावर हाच प्रहार केला. नारायण वामन टिळकांना ख्रिस्ताकडे येताना तुकोबांचा आधार वाटला, तो याच आंतरिक नात्यामुळे.

इथे शब्बाथाचा विचार अटळ आहे. मंडपाच्या सूचना संपतात त्या शब्बाथाच्या आज्ञेने, आणि बांधकाम सुरू होण्याआधी ३५व्या अध्यायात तीच आज्ञा पुन्हा येते. देवाचे घर बांधायचे असले तरी सातव्या दिवशी काम बंद. यहुदी धर्मशास्त्रींनी शब्बाथाला वर्ज्य असलेल्या कामांचे ३९ प्रकार मंडपाच्या कामांवरूनच ठरवले. कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांनी शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवला, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. पौल कलस्सैकरांस पत्रात शब्बाथालाही छायाच म्हणतो. त्यामुळे पिंपरी-चिंचवडच्या अनेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते आणि ख्रिस्ती कामगाराला रविवारी पाळीवर जावे लागते, यात त्याच्या उपासनेला बाध येत नाही. पण अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाचे कारण दिले आहे: तुझ्या दासालाही तुझ्याइतकी विश्रांती मिळावी. वार ही छाया असेल. हे कारण छाया नाही. जे ख्रिस्तात पूर्ण झाले ते अर्पण आणि याजकपण. शेजाऱ्याचे देणे कुठेच पूर्ण झाल्याचे लिहिलेले नाही.

लेवीय हे पुस्तक यज्ञविधींचे म्हणून ओळखले जाते. त्याच्याच १९व्या अध्यायात मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये, अशी आज्ञा आहे. याकोबाच्या पत्रात तीच अडवलेली मजुरी देवाकडे ओरडते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या मंडळ्यांतल्या उपदेशकांना माझी विनंती आहे: निवासमंडपावर प्रवचनमाला घ्याल, तेव्हा लेवीयाचा हा अध्याय वगळू नका, आणि सभेत कंत्राटदार बसलेला असेल, तर त्यातले १३वे वचन मोठ्याने वाचा.